सूर्याला खळं पडलं आणि अप्पा संत झाले

सोलापूर, दि. १४ सप्टेंबर

ति. महेश्वरी अक्कास,

धाकट्या शरणबसवची शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बरं तसं कोणीच नाही, पण हिंडून-फिरून आहोत. तुझ्या भावजयीचं, श्रीदेवीचं, पित्त चालू आहे, माझी साखर वर-खाली होते आणि अव्वाचं पुढे सविस्तर लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? (अप्पांच्या मातीला तू का आली नाहीस असं जो तो विचारायला लागला, तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं मी सांगून टाकलं. कोणता गुडघा, असंही दोघांनी विचारलं. मी डावा म्हणालो. बाजारात कोणी भेटलं तर कृपा करून डाव्याच पायानं लंगड.) दाजींना नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना वाचायला द्यायला हरकत नाही, किंबहुना द्यावंच, कारण शेवटी काम त्यांच्याकडेच आहे.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी काय करतो हे तुला माहीत आहे. मी "बघू" म्हणतो आणि ठेवतो. तर मजकूर असा आहे की, अव्वा गेल्यावर तिला अप्पांच्या शेजारी बसवायचं असं लोकांनी ठरवून टाकलं आहे आणि अव्वा म्हणते, मी तिथं बसणार नाही. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून माती देतात, त्यामुळे शेजारी बसणं म्हणजे खरोखरच शेजारी बसणं, आणि तेही कायमचं. मजकूर एवढाच. बाकी सगळा खुलासा आहे, आणि खुलासा करायची खोड मला एकतीस वर्षांच्या मास्तरकीनं लावली आहे, तेव्हा वाचताना कंटाळू नकोस.

अप्पा कसे होते हे तुला सांगायला नको. भाकरी गार असली की ताट अंगणात जायचं आणि अव्वा ते धुऊन पुन्हा वाढायची. तिची आई गेली त्या दिवशी दुकानात ज्वारीचा ट्रक उतरायचा होता, म्हणून तिला अक्कलकोटला जाऊ दिलं नाही. ती दिवसभर हमालांना चहा करत होती. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांनी तिच्यावर हात उगारला, तू मधे पडलीस, तो हात तुला बसला आणि तू मुलांना घेऊन संध्याकाळच्या एसटीनं गेलीस ती गेलीसच. (मी तेव्हा कुठं होतो असं तू कधी विचारलं नाहीस. मी माडीवर पेपर तपासत होतो. आवाज ऐकू आला होता.) त्यानंतर घरात मोहोळचं नाव घ्यायची बंदी झाली. सोलापूरहून मोहोळ तासाभराचा रस्ता, पण अव्वानं तुझं नवं घर अजून पाहिलेलं नाही. हे सगळं उगाळायचं कारण इतकंच की, गेले चार महिने मी एका वेगळ्याच चन्नप्पांबद्दल ऐकतो आहे. ते इतके प्रेमळ, इतके शांत आणि इतके मितभाषी होते म्हणे, की आपण दोघं चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात वाढलो की काय अशी मला मधूनमधून शंका येते.

अप्पा गेले ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे, झोपेत, कुणालाही न ओरडता. (हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव खरा चमत्कार, समितीनं नेमका तोच नोंदवलेला नाही. समितीचं पुढे येईलच.) ऊन त्रेचाळीसच्या वर. सकाळी सकाळी उरकायचं ठरलं होतं, पण जंगमस्वामी दुसऱ्या एका मयताला अडकले, अप्पांना बसवून न्यायचं विमान सजवायला झेंडू मिळेना, आणि वाजंत्रीवाल्यांना पत्ता सापडेना, त्यामुळे अक्कलकोट रोडच्या आपल्या शेतात पोचेपर्यंत बारा वाजून गेले. अप्पा विमानात ताठ बसलेले, कपाळभर विभूती, आणि डोक्याचा पटका हिसक्यांनी घसरून एका भुवईवर आलेला. मापाच्या पोत्यात हात घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असेच बघायचे. लोक म्हणाले, चेहऱ्यावर काय तेज आहे. मी मान हलवली. त्या उन्हात कोणाशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

अप्पांना खड्ड्यात उतरवून आतल्या कोनाड्यात बसवलं, स्वामींचे मंत्र सुरू झाले, बेलपत्रं आत पडायला लागली, आणि एकाएकी दीड-दोनशे लोकांच्या माना वर गेल्या. मीही वर बघितलं. सूर्य बरोबर डोक्यावर आला होता आणि त्याच्याभोवती भलंमोठं खळं पडलं होतं. पूर्ण गोल, कुठं तुटलेलं नाही, आतली कड तांबूस, बाहेर पांढुरकं होत विरत गेलेलं आणि कड्याच्या आत आभाळ जरा काळवंडलेलं. खरं सांगतो अक्का, सुंदर होतं. गुरुबसप्पांनी तिथल्या तिथं लोटांगण घातलं. हे गुरुबसप्पा म्हणजे आपल्या दुकानाशेजारचे शेंगाचटणीवाले, जे ताडपत्रीच्या एका दोरीवरून अप्पांशी एकवीस वर्षं बोलत नव्हते. उठून ते म्हणाले की, हे साधं मरण नव्हे, आणि वर म्हणाले की, बघा, अप्पांच्या विमानाची सावलीसुद्धा पडलेली नाही. ती नव्हतीच पडली. कोणाचीच पडली नव्हती. मे महिन्याच्या त्या दोन-तीन दिवसांत सोलापुरात सूर्य दुपारी नेमका माथ्यावर येतो आणि बारा-पंचवीसच्या सुमाराला माणसाची, खांबाची, म्हशीची, कोणाचीच सावली दिसत नाही, ती पायाखाली जाते. पण त्या दिवशी म्हशीकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

इथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीही घडलं नसतं. पण प्रकाशाचं अपवर्तन हा माझा हातखंडा धडा. बाप खड्ड्यात बसवलेला, हातात मूठभर माती, आणि मी शिकवायला सुरुवात केली. म्हणालो, मंडळी, आठ-दहा किलोमीटर उंचीवर पातळ ढग आहे, इतका पातळ की ढग म्हणून दिसतही नाही. तो पाण्याचा नाही, बर्फाच्या बारीक कणांचा आहे, आणि प्रत्येक कण आपल्या शिसपेन्सिलीसारखा सहा बाजूंचा आहे. उजेड एका बाजूनं आत शिरतो, एक बाजू सोडून पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो आणि तसं होताना तो वाकतो. कमीत कमी वाकला तरी बावीस अंश वाकतो, त्याहून कमी नाही. म्हणून सूर्यापासून बावीस अंशांच्या आत उजेड कमी आणि बरोबर त्या अंतरावर ही कड. तांबडा रंग सगळ्यात कमी वाकतो म्हणून तो आतल्या अंगाला. कोणाचाही बाप मरो न मरो, खळं कायम एवढंच पडतं. (हे वाक्य मी गाळायला हवं होतं.) मग, थेट सूर्याकडे बघू नका, डोळे जातील, असं बजावून मी वर्गात दाखवायचो तसं मोजून दाखवलं: उजवा हात सरळ वर ताणायचा, पंजा पसरायचा, अंगठ्यानं सूर्य झाकायचा, की करंगळीचं टोक बरोबर खळ्याला टेकतं. सगळ्यांनी करून बघितलं. दोनशे हात वर गेले. गुरुबसप्पांच्या पुतण्यानं त्याच क्षणी फोटो काढला.

तो फोटो आता अक्कलकोट रोडच्या वळणावर वीस फुटी फ्लेक्सवर आहे. वर खळं, मधे अप्पांचा आधार कार्डावरचा चेहरा, खाली हात उंचावलेला जनसमुदाय आणि सगळ्यांत पुढे तोंड उघडं ठेवून मी. नावाखाली लिहिलंय, 'प्रथम भक्त'. श्री चन्नप्पा शरण खळेप्रभा सेवा समिती स्थापन झाली, अध्यक्ष गुरुबसप्पा. दर सोमवारी दुपारी माणसं समाधीवर येतात आणि उजवा हात वर करून, अंगठा सूर्यावर ठेवून, करंगळी ताणून उभी राहतात. तिला खळेमुद्रा म्हणतात. ज्याची करंगळी टेकते त्याचं मन शुद्ध, आखूड बोटांच्या माणसांना अकरा सोमवार सांगितलेत. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी माझी एकही गोष्ट इतकी नीट लक्षात ठेवली नव्हती.

मी समजावायचं थांबवलं असं नाही. पण मी जे जे सांगतो ते ते त्यांच्या उपयोगाला येतं. ढगात बर्फ असतो म्हणालो, तर त्रेचाळीस डिग्रीत अप्पांनी सोलापूरवर बर्फ धरला असं झालं. तुम्हाला दिसतं ते खळं आणि शेजारच्याला दिसतं ते खळं वेगळं असतं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यात वेगवेगळ्या कणांचा उजेड येतो, असं सांगितलं (हे अगदी खरं आहे, पुस्तकात आहे), तर अप्पा प्रत्येकाला निराळं दर्शन देतात असं फलकावर लिहिलं गेलं. शेवटी मी वही घातली. मे महिन्यापासून रोज आभाळ बघतोय, सहा वेळा खळं पडलं. एकदा पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा, एकदा श्रीदेवीचा मिक्सर जळाला तेव्हा, एकदा तर कोणी मेलं नाही, जन्मलं नाही, काहीच झालं नाही तेव्हा. ती वही घेऊन मी गुरुबसप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली, डोळे पुसले आणि तारखा उतरवून घेतल्या. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर त्या दर्शनाच्या तिथी म्हणून छापायच्या आहेत.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे आणि मी हसलोही. समिती कुंपणासाठी म्हणून एक कागद घेऊन आली, मी त्यावर सही केली. मग आराखडा आला. अप्पांच्या चौथऱ्याला लागून डाव्या हाताला दुसरा चौथरा आणि त्यावर 'मातोश्री ईरम्मा'. जागेवर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखून झाला होता, संगमरवरी पाटीही आली होती. नाव कोरलेलं, तारखेची जागा मोकळी. एका सोमवारी अव्वाला रिक्षात घालून ते दाखवायला नेलं. (गेले चार महिने ती दर सोमवारी तिथं खुर्चीवर बसते आणि लोक पाया पडतात. आधी ती पाय ओढून घ्यायची, आता घेत नाही.) तिला मराठी वाचता येत नाही, पण फक्कीचा चौकोन कळायला काय वाचावं लागतं. ती त्या चौकोनाकडे बघत राहिली. घरी येऊन हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "जित्तेपणी त्यांनी मला कदी शेजारी बसू दिलं न्हाय. आता मेल्यावर कशाला बसू? मी तितं बसणार न्हाय, शरणू."

अक्का, चोपन्न वर्षांत तिनं कशालाही नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नव्हतं. आणि तिनं ते सांगितलं कोणाला, तर मला.

घाई यासाठी की, तिच्या हृदयाचं काम उतरत चाललंय. जुलैमध्ये पाय सुजले म्हणून नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि दिवाळी निघाली तर चांगलंच असं म्हणाले. मी तिला थकवा आहे म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपली पाटली काढून श्रीदेवीच्या हातात घातली, त्यावरून तिला सगळं कळलं असावं.

मग मी एकदाचा जोर धरला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी समितीनं मला बोलायला उभं केलं. चारेकशे माणसं, मांडव, माईक. मी घरून ठरवून गेलो होतो की, आज खळ्याबिळ्याचं काही सांगायचं नाही, आज अप्पांचं सांगायचं. अंगणात पडलेल्या ताटांचं, अक्कलकोटचं, तुझ्या दिवाळीचं. म्हणायचं की, या माणसानं माझ्या आईला मारलं, तिला त्याच्या शेजारी बसवू नका. पहिल्या रांगेत अव्वा खुर्चीवर होती. मी माईक धरला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा शिस्तीचे होते." टाळ्या पडल्या. मग मी त्यांच्या शिस्तीवर बारा मिनिटं बोललो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. अव्वानं परतताना रिक्षात माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पाणी पितोस का म्हणून विचारलं. त्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर मी पुन्हा सुरू झालो, की हा सगळा घोळ त्या एका खळ्यानं झाला, एरवी दुपारी वर बघतं कोण, खळी येतात आणि जातात. अव्वा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आमटीत मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "वर बघा म्हनून मीच म्हनले की."

मी विचारलं, का. तिनं घास संपवला.

"समद्या बाया माझ्या तोंडाकडं बघत हुत्या. मला रडू येत न्हवतं. म्हनून म्हनले, वर बघा."

तर असा आपल्या पंथाचा उगम आहे. एका बाईला रडू येईना म्हणून तिनं दोनशे माणसांना आभाळाकडे बघायला लावलं, आणि आभाळात त्या दिवशी खरंच काहीतरी होतं, हा तिचाही नाइलाज. मी म्हणालो, हे आपण समितीला सांगू, एका दिवसात सगळं बंद होईल. ती म्हणाली, सांगायचं नाही. गुरुबसप्पांच्या सुनेला तिथं येऊन बरं वाटतं, रोज चटणी कुटणाऱ्या बाया तासभर सावलीत बसतात, मिळतंय त्यांना काही तर मिळू दे, मला फक्त तिथं बसवू नका. मी "बघू" म्हणालो. मग ताटावरून उठून आत गेलो आणि हे पत्र लिहायला घेतलं, त्याला आज आठवा दिवस आहे.

खुलासा संपला. आपल्या भाच्यांना आशीर्वाद. दानेश्वरीच्या बारावीच्या फिजिक्सला काही अडलं तर कळव, मात्र प्रकाशाचा धडा तिनं दुसऱ्या कोणाकडून तरी शिकावा.

तुझा,
शरणबसव

ता.क. – हे पत्र पोस्टानं न पाठवता अव्वाच्याच हाती दिलं आहे. मी तिला सकाळच्या एसटीत बसवून दिलं, कंडक्टरला तुझा पत्ता देऊन तिला मोहोळला रिक्षात बसवून द्यायला सांगितलं, आणि पत्र घरी पोचल्यावर अक्काला दे म्हणालो. आत काय आहे ते तिला माहीत नाही, पण तिनं विचारलंही नाही. पिशवीत तिची औषधं आहेत, चिठ्ठीवर वेळा लिहिल्यात. दोन लुगडी जास्तीची दिली आहेत. तिला परत पाठवू नकोस. समितीला मी ती हवापालटाला गेली असं सांगतो, आणि कुठं ते विचारलं तर अकलूज सांगतो.

ता.क. २ – दाजींना विचार, तुमच्या रानात विहिरीच्या अलीकडे कुठंतरी चार बाय चार फूट जागा देता येईल का. पाटी नको, चौथरा नको. ते एरवीही माझ्याशी फार बोलत नाहीत, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणू देत, मी समजून घेईन. पण हो म्हणाले तर अव्वाला ती जागा आत्ताच दाखवा. तोंड कुठल्या बाजूला करायचं ते ती सांगेल.

ता.क. ३ – ती गेली की मला लगेच फोन करू नकोस. माती देऊन झाल्यावर कर. आधी कळलं तर गुरुबसप्पा वाजंत्री आणि ट्रक घेऊन तुझ्या दारात येतील, आणि त्यांना ते कोणी सांगितलं हे तुला विचारावं लागणार नाही. मी मुलगा आहे, खांदा द्यायचा माझा हक्क आहे, हे सगळं मला कळतं आणि लिहिताना त्रासही होतो आहे. तरी नंतरच कळव. मी मला ओळखतो, अक्का.